चुंबकी कणांवरचा जैवथर पातळच ठेवा

सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मॅग्नेटाइटवर (लोहाचे चुंबकी ऑक्साइड) जिवाणूंचा थर वाढवायचा तर कण साधारण ४० मायक्रॉनचे घ्या. १० ग्रॅममध्ये जवळपास ०.३ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. १ लिटरच्या भांड्याला सुरुवातीला तेवढा पुरतो. नॅनोकणांचा मोह नको. जिवाणूच एक-दोन मायक्रॉनचा, त्याला नॅनोकण आधार कसला देणार!

भांडे निमुळत्या तळाचे हवे. सपाट तळाच्या कोपऱ्यांत कण बसून राहतात. मॅग्नेटिक स्टरर (चुंबकी कांडी फिरवून ढवळणारे यंत्र) तर अजिबात नको. सगळे कण त्याच्या कांडीला चिकटतात आणि तिच्याखाली भरडले जातात. वरून पात्याने ढवळा, खालून हवा सोडा.

बाहेरून चुंबक धरून कण नितळ पाणी येईपर्यंत धुवा. मग सांडपाणी प्रकल्पात हवा सोडतात त्या एअरेशन टाकीतला, जिवाणूंनी भरलेला ताजा गाळ घालून दिवसभर हळू ढवळा. पुढे दर ६ तासांनी ५ मिनिटे चुंबक लावायचा, वरचे पाऊण पाणी काढायचे, नवे सांडपाणी भरायचे. जे चिकटले नाही ते वाहून जाते. चुंबक काढल्यावर अर्धा मिनिट जोरात ढवळा, नाहीतर कणांत उरलेल्या चुंबकत्वामुळे गुठळ्या होतात आणि आत ऑक्सिजन पोचत नाही.

थर जाड दिसला की आनंद होतो, पण गणित बघा. ४० मायक्रॉनच्या कणावर सगळीकडून २० मायक्रॉनचा थर चढला की व्यास दुप्पट आणि आकारमान आठपट. चुंबकाची ओढ मात्र आतल्या गाभ्यापुरतीच, आणि पाण्याचा अडथळा दुप्पट. म्हणजे कण निम्म्या वेगाने चुंबकाकडे येतो आणि ५ मिनिटे कमी पडतात. अशा वेळी ढवळण्याचा वेग थोडा वाढवा, वरचा सैल थर झडतो.

अमोनिया खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. त्यांच्यासाठी काही आठवडे धरा. ते कामाला लागले की पीएच घसरतो. अमोनियातल्या नायट्रोजनच्या दर मिलिग्रॅममागे १२ मिलिग्रॅम खाण्याचा सोडा लागतो; पाण्यात मुळात क्षारता (आम्ल झेलण्याची क्षमता) असेल तेवढा कमी.

पहिल्या दिवसांत फॉस्फेट कमी दिसले तर श्रेय जिवाणूंना देऊ नका, मॅग्नेटाइट स्वतःच ते शोषते. तसेच ५५० अंशांना जाळून, घटलेल्या वजनावरून थराचे वजन काढू नका: मॅग्नेटाइट ऑक्सिजन घेऊन ३.५ टक्क्यांपर्यंत जड होते आणि पातळ थर हिशेबातून गायबच होतो. थर अल्ट्रासोनिक बाथमध्ये सुटा करा, कण चुंबकाने धरून ठेवा आणि उरलेल्या पाण्याचा सीओडी (सेंद्रिय द्रव्य किती आहे याचे माप) मोजा.