डावखुरं पत्र

आईच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे. आज दुपारी पोस्टाच्या फॉर्मवर तिने डाव्या हाताने सही करून पाहिली. पहिलंच अक्षर ओळीखाली घसरलं. तिने पेन माझ्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रात्री अमेरिकन गायक बिल विदर्सचा कार्नेगी हॉलमधला लाइव्ह अल्बम लावला. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालेला. व्हिएतनाम युद्ध तेव्हा सुरूच होतं. त्यात 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' लागलं आणि मी हातातली भांडी तशीच सोडून खाली बसलो. खांद्यात गोळी लागलेला पोरगा कुणाला तरी सांगतोय, माझ्या आईला पत्र लिहून द्या, मला डाव्या हाताने लिहिता येत नाही. आणि धाकट्या भावाची सैन्यभरती पुढे ढकलता येते का, ते वकिलाला बघायला सांगा. बस, एवढंच. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. मागे पियानो, आणि गाण्याआधी बिलचं ते शांत, घरगुती बोलणं.

हा माणूस लहानपणी तोतरं बोलायचा, नऊ वर्षं नौदलात होता. १९७१ च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो कारखान्याबाहेर हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे. अशा माणसालाच ते पत्र इतकं साधं लिहिता आलं, असं मला मनापासून वाटतं.

आई आतून म्हणाली, "पुन्हा लाव रे ते." इंग्रजी तिला फारसं कळत नाही.

पुन्हा लावलं.