सांघाकाठच्या वर्षावनात : मध्यावधी मूल्यमापनाला जाणाऱ्यांसाठी

कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगो प्रजासत्ताक यांच्या सीमा सांघा नदीपाशी एकत्र येतात. लोबेके, झांगा-न्दोकी आणि नुआबाले-न्दोकी ही तीन देशांची तीन राष्ट्रीय उद्यानं इथे एकमेकांना लागून आहेत. डिसेंबर २००० मध्ये तिन्ही सरकारांनी कॅमेरूनची राजधानी याउंदे इथे सहकार्याचा करार केला. २०१२ मध्ये युनेस्कोनं हा पट्टा जागतिक वारसा यादीत घेतला. नुसतं गाभा क्षेत्रच सुमारे ७,४६० चौरस किलोमीटर भरतं, आणि त्याभोवती लाकूड कंपन्यांना दिलेली जंगलं आहेत.

या भागात चालू असलेल्या एका प्रादेशिक संवर्धन प्रकल्पाचं मध्यावधी मूल्यमापन (म्हणजे अर्ध्या वाटेवरची बाहेरच्या तुकडीची तपासणी) करून आमची तुकडी नुकतीच परतली. शेवटचं मूल्यमापन दुसरं कोणीतरी करेल, शेजारच्या प्रकल्पांवरही लोक जातील. त्यांच्या उपयोगी पडेल ते लिहून ठेवतो.

आधी रस्त्याचं. याउंदे ते पूर्वेचं बेर्तुआ शहर डांबरी रस्ता आहे. पुढे योकादुमा गावाच्या बाजूला लाल माती सुरू होते आणि तुमचं वेळापत्रक पावसाच्या हाती जातं. जोराची सर आली की रस्त्यावर अडसर टाकून वाहनं थांबवतात आणि माती सुकून घट्ट होईपर्यंत सोडत नाहीत. नियम योग्यच आहे, कारण ओल्या मातीवरून ओंडक्यांचे ट्रक गेले तर रस्ता उरणारच नाही. म्हणून रोजच्या आखणीत अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि अंधारात प्रवास टाळा. समोरून ओंडक्यांचा ट्रक दिसला की आपली गाडी कडेला घ्यायची, यात मान-अपमान काही नाही.

सांघाकाठच्या लिबोंगो गावाहून पुढे होडी. प्रवाहाविरुद्ध वर गेलं की मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातलं बायांगा, खाली आलं की काँगोतलं बोमासा. व्हिसे तीन वेगवेगळे लागतात. प्रकल्पाच्या माणसांना सीमा ओलांडायची जी सवलत असते ती बाहेरून आलेल्या मूल्यमापकाला आपोआप लागू होत नाही, तेव्हा पत्रं आधीच हातात घ्या. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टातच ठेवा. चलनाचा मात्र त्रास नाही. तिन्हीकडे मध्य आफ्रिकेचा सीएफए फ्रँक चालतो आणि त्याचा दर युरोशी बांधलेला आहे, १ युरोला ६५५.९५७. रोकड याउंदेतूनच न्या, त्यातही लहान नोटा जास्त. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातली सुरक्षेची स्थिती बदलत असते, त्यामुळे त्या टप्प्याचा निर्णय निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

आता मुख्य कामाकडे. प्रकल्पाच्या आराखड्यात बहुतेक निर्देशक मोजायला सोपे असतात : गस्तीचे किलोमीटर, जप्त केलेले फास, प्रशिक्षण घेतलेले रक्षक, झालेल्या बैठका. हे सगळं मोजून झालं की प्रकल्प रुळावर आहे असं वाटायला लागतं. पण प्रकल्प प्रादेशिक आहे, तीन देशांचा मिळून आहे, तर पहिला प्रश्न हा हवा की एका देशात कळलेली गोष्ट दुसऱ्या देशात किती वेळात पोचते. हत्तीला सीमा ठाऊक नसते आणि शिकाऱ्याला ती चांगलीच ठाऊक असते. गुन्हा एका बाजूला करून नदीपलीकडे जाणं त्याच्या सोयीचं असतं.

हे तपासायला आम्ही एकच घटना धरली. सीमेजवळ सापडलेला हत्तीचा सांगाडा, दात काढून नेलेले, शेजारी काडतुसांची टरफलं. पहिल्या कार्यालयातल्या नोंदवहीत तारीख होती, जीपीएसचे आकडे होते, फोटोही होते. दुसऱ्या देशाच्या रेडिओ-नोंदीत ती बातमी बऱ्याच दिवसांनी एका ओळीत आलेली, ठिकाण मोघम. तिसरीकडे काहीच नाही. त्या कार्यालयाच्या भिंतीवर गस्तीचा नकाशा होता. ठाण्याभोवती आणि रस्त्यालगत रेघांचं जाळं, सीमेच्या कडेला कोरा कागद. किलोमीटरचं उद्दिष्ट मात्र पूर्ण झालं होतं. आढाव्याच्या बैठकांत जे निघालं नाही ते या एका सांगाड्याच्या मागावर निघालं. प्रत्येक मूल्यमापकानं अशा दोन-तीन घटना निवडून तिन्ही कार्यालयांतून त्यांचा माग काढावाच. कागदपत्रं मागताना घटना आधी सांगू नका, फक्त त्या महिन्याच्या नोंदी मागा.

हत्तींची संख्या वाढली का, असं निधी देणारे विचारतातच. मध्यावर हा प्रश्न गैरलागू आहे आणि तसं स्पष्ट लिहिण्याची हिंमत ठेवा. झांगा-न्दोकीतल्या झांगा बाईवर (‘बाई’ म्हणजे जंगलातली मोकळी पाणथळ) १९९० पासून हत्तींची ओळख पटवून नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांतून दिसलं की वनहत्तिणीला पहिलं पिल्लू बहुधा विशीनंतर होतं आणि दोन पिल्लांत पाच-सहा वर्षांचं अंतर पडतं. या गतीनं कळप दुप्पट व्हायला साठेक वर्षं लागतात. जागतिक निसर्गसंवर्धन संघटना आययूसीएननं २०२१ मध्ये आफ्रिकी वनहत्तीला स्वतंत्र जाती मानून अतिसंकटग्रस्त ठरवलं, आणि या संथ प्रजननामुळे शिकारीचा फटका लवकर भरून निघत नाही. म्हणून विचारायचं ते वेगळं : गणनेची पद्धत सुरुवातीच्या वेळची आणि आताची एकच आहे का? लेंड्या मोजून अंदाज काढला असेल तर लेंडी विरायला किती दिवस लागतात हे याच जंगलात, याच ऋतूत पाहिलं का? पावसाळ्यातली आणि कोरड्या महिन्यांतली मोजणी शेजारी ठेवून कोणी वाढ दाखवत असेल तर ती मान्य करू नका.

झांगा बाईचं आणखी एक सांगायला हवं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगीतल्या सत्तापालटानंतर मे २०१३ मध्ये सशस्त्र टोळीनं तिथे २६ हत्ती मारले. इतक्या वर्षांचं काम काही दिवसांत धोक्यात आलं. त्यामुळे ‘एका देशात सरकार कोसळलं तर उरलेले दोन काय करणार’ याचं लेखी उत्तर प्रकल्पाकडे आहे का, हे पाहा. आम्ही पाहिलेल्या आराखड्यात जोखमीच्या रकान्यात फक्त ‘राजकीय अस्थिरता : मध्यम’ एवढंच होतं. एवढ्यावर भागत नाही.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते बाका आणि बाआका या इथल्या वनवासी लोकांच्या वस्त्यांनी. लोकसहभागाचा निर्देशक हिरव्या रंगात, म्हणजे ‘ठीक चाललंय’ असा, होता आणि हजेरीपत्रकं व्यवस्थित लावलेली होती. त्यांवर बायांची नावं जवळजवळ नव्हती. एका वस्तीत म्हाताऱ्या बाईंना विचारलं तर त्यांनी बैठकीचा महिना विचारला आणि हसून जंगलाकडे हात केला. त्या दिवसांत अळ्या पडतात. सापेली या मोठ्या झाडावर त्या वाढतात, आणि त्या वेचायला घरंच्या घरं जंगलात मुक्कामाला जातात. वर्षभरातलं महत्त्वाचं अन्न आहे ते. बैठका नेमक्या तेव्हाच लावलेल्या. शिवाय सापेली हेच लाकूड कंपन्यांनाही हवं असतं, म्हणजे ज्या झाडाबद्दल या बायांना सर्वांत जास्त बोलायचं होतं, त्याच्या तोडीची चर्चा त्यांच्या गैरहजेरीत झाली. हजेरीपत्रकाच्या तारखा आणि जंगलाचं वर्ष शेजारी ठेवा, खूप काही उलगडतं. कोरड्या महिन्यांत जाणार असाल तर बाया ओढे अडवून मासेमारीला गेलेल्या असतात, त्यामुळे भेटी सकाळी लवकर ठरवा किंवा त्यांच्या तळावर जा.

दुभाषा उद्यानाचा किंवा प्रकल्पाचा कर्मचारी नसावा, यावर अडून बसा, आणि एक तरी दुभाषी बाई असू द्या. मुलाखतीच्या वेळी गणवेशातलं कोणी आसपास नको. २०१९ मध्ये काँगो नदीच्या खोऱ्यातल्या उद्यानांत रक्षकांकडून अत्याचार झाल्याचे आरोप जगभर गाजले आणि पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल आला. तेव्हा तक्रार कुठे करायची हे वस्तीतल्या माणसाला ठाऊक आहे का, आणि केलेल्या तक्रारीचं काय झालं, हे दोन्ही तपासा. कायदे त्यांच्या बाजूचे आहेत : काँगोत २०११ चा आदिवासी हक्कांचा कायदा आहे, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकानं २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार स्वीकारला, आणि लोबेकेत बाका लोकांच्या प्रवेशाबद्दल २०१९ मध्ये सामंजस्य करार झाला. त्यांतलं जमिनीवर किती उतरलं, एवढंच पाहायचं.

जंगलात वागायचं कसं, हे थोडक्यात. वाटाड्याच्या पुढे जाऊ नका आणि पायवाटेवर बोलणं बंद ठेवा, कारण झाडीत हत्ती दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. झांगा बाईला जाताना पाण्यातून चालावं लागतं, म्हणून लवकर सुकणारे बूट घ्या. दिवसा चावणाऱ्या माश्या आणि घामावर झुंबडणाऱ्या बारीक मधमाश्या यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, मलेरियाच्या गोळ्या तर हव्यातच. सर्दी-खोकला असेल तर गोरिलांच्या वाटेला जाऊच नका, आपला साधा आजार त्यांच्या जिवावर बेततो.

शेवटी अहवाल. फ्रेंच प्रत आधी तयार करा, कारण निर्णय घेणारे ती वाचतात. निघण्यापूर्वी वस्त्यांमध्ये तोंडी निष्कर्ष सांगा, आम्हाला तिथे दोन चुका दुरुस्त करून मिळाल्या. शिफारशी थोड्या आणि प्रत्येकीपुढे कोणी, कधी, कोणत्या पैशातून हे लिहिलेलं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी मसुदा तिन्ही देशांच्या समितीपुढे जायला हवा, नाहीतर उरलेल्या काळात काहीच बदलता येत नाही. म्हणून समितीची तारीख आधी विचारा, विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.