पत्रकातला शब्द न् शब्द

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजारात वाटलेलं एक पिवळं पत्रक सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर आलं. लाल शाईत ठळक ओळ : ‘मधुमेह ९० दिवसांत मुळासकट बरा, इन्सुलिन कायमचं बंद.’ ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, अशा टाइप वन मधुमेहाच्या रुग्णानं या ओळीवर विश्वास ठेवून इन्सुलिन तोडलं, तर दोन-तीन दिवसांत रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. पोरासोरांच्या हातात असली पत्रकं बघून संताप येतो.

माझ्यासारखा औषध निरीक्षक आधी औषधाची पुडी शोधायला धावतो. पण औषधे व जादूटोणादि उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ खाली गुन्हा जाहिरातीनंच पुरा होतो. परिशिष्टात ५४ आजार आहेत : मधुमेह, कर्करोग, मूतखडा, लठ्ठपणा, मोतीबिंदू वगैरे. त्यांवर अमुक औषध चालतं असं सुचवणारी जाहिरात कलम ३ खाली बंद. पुडीत काय निघालं, हा वेगळा तपास. जाहिरात म्हणजे नुसता कागदही नव्हे. लेबल, वेष्टन, रिक्षावरच्या भोंग्यातली घोषणाही त्यात येते.

पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव बारीक अक्षरात होतं. दोन पंच घेऊन उद्यमनगर गाठलं.

“मी कुठं औषध विकलं, साहेब? गिऱ्हाइकानं मजकूर आणला, मी छापला.”

मालक खरंच घाबरला होता. पण ‘प्रसिद्धीत भाग घेणे’ याच्या व्याख्येत छपाई स्पष्ट शब्दांत आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पुन्हा ठरलं तर कैद एक वर्षापर्यंत.

उरलेली ६४० पत्रकं मोजली. त्याहून मोलाचा निघाला प्रूफचा कागद, म्हणजे छपाईआधी गिऱ्हाइकाला तपासायला दिलेला नमुना. ‘९०’ हा आकडा पेनानं दुरुस्त केलेला आणि खाली गिऱ्हाइकाची सही. मजकूर कुणाचा, हे त्या सहीनं ठरतं. ऑर्डरवही आणि ॲडव्हान्सची पावती सोबत घेतली.

पत्रक ज्यात मांडलं त्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरच्या फाईलशी मात्र जपून वागावं लागतं. मजकूर श्रीलिपीत असतो आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. म्हणून तिथल्याच संगणकावर पीडीएफ काढली, प्रिंट घेऊन पंचांच्या सह्या घेतल्या. हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवली, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती लागते. आत पाऊल टाकल्यापासून शेवटच्या सहीपर्यंत मोबाईलवर चित्रीकरण चालू होतं.

पंचनाम्यात मजकूर अक्षरशः उतरवला, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. ‘आक्षेपार्ह पत्रके जप्त’ एवढंच लिहिलं, तर उलटतपासणीत पंचाला विचारतात, “मजकूर काय होता?” त्याला दोन वर्षांनी काय आठवणार! या गुन्ह्यात शब्द हाच मुद्देमाल.

संध्याकाळी प्रूफवर सही करणारे वैद्य भेटले. त्यांनी नोंदणीचं प्रमाणपत्र पुढं केलं. कलम १४ ची सवलत खरी आहे, पण ती नोंदणीकृत वैद्याच्या स्वतःच्या जागेतल्या पाटीपुरती. बाजारात वाटलेल्या कागदाला ती लागत नाही. दारावरची पाटी तशीच ठेवली, आतल्या कपाटातली पत्रकं घेतली.

रात्री पाकिटं लाखेनं बंद केली. प्रूफचं पाकीट वेगळं. मुद्देमाल कुणाच्या ताब्यात ठेवायचा, त्याचा आदेश घेण्यासाठी मंगळवारी पहिल्याच तासाला कसबा बावड्याच्या न्यायालयात अर्ज दिला.