मुकुंदराजांच्या दरीत

लातूरहून सकाळच्या एसटीने आत्या आणि मी निघालो. आत्याची अंबाजोगाई म्हणजे योगेश्वरी. त्यामुळे आधी देवीची ओटी भरली आणि मग विवेकसिंधू लिहिणाऱ्या मुकुंदराजांच्या समाधीकडे वळलो. समाधी गावापासून चार-पाच किलोमीटरवर, बालाघाटाच्या दरीत आहे. परतीला वाहन मिळेलच असं नाही, तेव्हा रिक्षा जाऊन-येऊन ठरवा. रेल्वेने येणाऱ्यांनी परळीला उतरावं, तिथून अंबाजोगाई साधारण 25 किलोमीटर. वैजनाथाचं दर्शनही होतं.

रिक्षा वर थांबते, पुढे पायऱ्या. उतरताना काही वाटत नाही, गुडघे बोलतात ते चढताना. आत्याने काठी आणली होती, ती फार कामी आली. पावसाळ्यात दरी हिरवीगार असते, पाणी कोसळतं, पण पायऱ्यांना शेवाळ धरतं. वडीलधारी सोबत असतील तर दिवाळीनंतरच या. उन्हाळ्यात यायचंच असेल तर ऊन तापायच्या आत वर परतायला हवं. पाणी घरूनच घ्या.

खाली समाधीपाशी टेकल्यावर आत्याला जयंतपाळाची आख्यायिका सांगितली. राजाचा हट्ट असा, की रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर बसेपर्यंत ब्रह्म दाखवा. न दाखवणाऱ्या साधूंना तो कैदेत टाकी. मुकुंदराजांनी त्याला रिकिबीत पाय ठेवायला लावलं आणि तिथेच त्याची समाधी लागली.

"म्हणजे बाहेर काही दाखवलंच नाही," आत्या म्हणाली.

विवेकसिंधूचं सार तिने एका वाक्यात सांगितलं, असं मला वाटलं. शके 1110, म्हणजे 1188 सालचा हा ग्रंथ. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. मुकुंदराज आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ या गुरुपरंपरेतले योगी. तरी ग्रंथात चमत्कार नाहीत. गुरू-शिष्याच्या संवादातून जीव आणि ब्रह्म एकच, हे ते पायरीपायरीने उलगडतात, तेही साध्या मराठीत. (विदर्भातलं आंभोरंही मुकुंदराजांना आपलं मानतं.) निदान पहिली दोन प्रकरणं वाचून या, इथे बसल्यावर ती आठवतात.

संतकवी दासोपंतांची समाधीही अंबाजोगाईतच आहे. पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर, पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचा विचार, लिहिणारे ते हेच. पण हाती एकच दिवस असेल तर ते पुढच्या खेपेला ठेवा. इथे घाई नको.

रिक्षावाल्याला थांबण्याचे पैसे जास्तीचे कबूल करा. आम्ही अर्धा तास म्हणालो होतो. दीड तासाने मी उठले, तेव्हा आत्या डोळे मिटून बसली होती, म्हणून मीही पुन्हा बसले.