आमची वाटचाल : न जुळलेल्या आकड्यापासून

आम्ही दोघे भागीदार. शेअरच्या भावांवरून इंडिकेटर, म्हणजे भावाची चाल सांगणारे आकडे काढणारा कोड, तयार करून द्यायचे, हा आमचा व्यवसाय. पहिलं काम आलं ते आरएसआयचं (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स). वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला हा इंडिकेटर, 14 कँडलची (कँडल म्हणजे चार्टवर एका ठराविक काळाचे, जसे एका दिवसाचे, भाव दाखवणारी पट्टी) सरासरी वाढ आणि सरासरी घट यांच्या गुणोत्तरातून 0 ते 100 मधला आकडा देतो. एका संध्याकाळीच कोड लिहून झाला. दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला : "तुमचा आकडा माझ्या चार्टशी जुळत नाही."

जुळणार तरी कसा? आम्ही दर वेळी शेवटच्या 14 बदलांची साधी सरासरी काढत होतो. वाइल्डर यांच्या रीतीत साधी सरासरी फक्त पहिल्यांदा. पुढे आधीच्या सरासरीला 13 ने गुणायचं, आजची वाढ किंवा घट मिळवायची आणि 14 ने भागायचं. तेही केलं, तरी फरक उरलाच. कारण सापडायला आठवडा गेला. या रीतीत जुनी सरासरी झटकन जात नाही; 14 कँडलनंतरही तिचा सुमारे 35 टक्के वाटा शिल्लक असतो. आम्ही मोजकाच डेटा घेत होतो, ग्राहकाचा चार्ट कितीतरी मागून सुरू होत होता. 100 कँडलनंतर हा वाटा 0.1 टक्क्याच्याही खाली येतो. तेव्हापासून तेवढा मागचा डेटा घेतल्याशिवाय आम्ही पहिला आकडा दाखवत नाही.

पुढचा धडा शेअर स्प्लिटचा. एका शेअरचे दोन झाले की भाव निम्म्यावर येतो आणि कोडला ती मोठी पडझड वाटते. आधीचे सगळे भाव त्याच प्रमाणात कमी करून घेतले की प्रश्न मिटतो.

सर्वांत अवघड काम मात्र ग्राहकाला नको ते सांगण्याचं. एकाचा बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर खरेदी-विक्रीची रीत तपासून काढलेला निकाल, फारच देखणा दिसत होता. कोड उघडला तर कँडलच्या बंद भावावरून सिग्नल काढून खरेदी त्याच कँडलच्या सुरुवातीच्या भावाला धरली होती. तो बंद भाव तेव्हा कुणालाच ठाऊक नसतो! खरेदी पुढच्या कँडलवर नेली आणि नफा नाहीसा झाला. ते ग्राहक नाराज होऊन गेले. मला वाईट वाटलं, पण त्या आकड्यांवर त्यांचे पैसे लागणार होते.

आता प्रत्येक इंडिकेटर आधी स्प्रेडशीटमध्ये ओळीओळीने मांडतो, कोडचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतो, आणि ती शीट कोडसोबत ग्राहकाच्या हाती देतो.