खुडूक बसणाऱ्या कोंबडीचा धंदा

बुसरा कोंबडी वर्षाला 40 ते 55 अंडी देते. अंडं 28 ते 38 ग्रॅमचं, आणि कोंबडा फार तर सव्वा किलोचा. लेअर फार्मवरची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालते, हे आमच्या साक्री-नवापूर पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे 2014 साली आम्ही नवराबायकोनं बुसराची पिल्लं विकायचा धंदा काढला, तेव्हा बँकेतल्या साहेबांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच हिशेब मांडून दाखवला. हिशेबात चूक काही नव्हती. पण तो अंड्यांचा हिशेब होता आणि आम्हाला कोंबडी विकायची होती.

ही जात इथलीच. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांचा पश्चिमेकडचा भाग आणि त्याला लागून असलेला गुजरातचा पट्टा हा तिचा मुलूख. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. गावात तिला गावठीच म्हणतात. अंग पांढरं, मानेवर, पाठीवर आणि शेपटीत काळी पिसं, खांद्यावर आणि पंखावर विटकरी झाक. तुरा एकेरी, लहानसा, लाल. अंगानं हलकी आणि भारी सावध. दुपारी घार दिसली की ही आधी ओरडते, मग आपण वर बघतो.

तिचा खरा गुण म्हणजे ती खुडूक बसते. पंधरा-सोळा अंडी घातली की खाणंपिणं कमी करून अंड्यांवर बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं काढते आणि दोन महिने त्यांना घेऊन उकिरडे उकरत फिरते. वर्षातून तीनदा हे चक्र, म्हणून अंडी चाळीस-पन्नास. बसलेली कोंबडी अंडी घालत नाही, म्हणून अंड्यांच्या धंद्यात खुडूक हा दोष धरला गेला. पिढ्यानपिढ्या निवड करत करत लेअर जातींतून तो जवळजवळ काढून टाकला. घरीसुद्धा लोक खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात. पण डोंगरातल्या ज्या घरी अंडी उबवायचं मशीन नाही, विजेचा भरवसा नाही आणि पिल्लं आणायला तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो, त्या घरी खुडूक बसणारी कोंबडी हेच मशीन. दाणापाणी तीच शोधते, पिल्लांना ऊब तीच देते, मुंगूस आलं तर अंगावरही तीच जाते. ती गेली की दरवर्षी पिल्लं विकत आणणं आलं.

आणि ती जायला लागली होती. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात. मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. आमचं गाव त्या पट्ट्याबाहेर होतं, तरी त्या उन्हाळ्यात कोंबडीला कुत्रंही विचारत नव्हतं आणि लोकांनी खुराडी रिकामी केली. पुढे ती भरली, ती बहुतेक योजनांतून आलेल्या वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जातींनी. पक्षी चांगले आहेत. वजन लवकर धरतात, अंडी जास्त देतात, ज्याला घरामागे विक्रीपुरतं पाळायचंय त्यानं ते खुशाल घ्यावेत, आम्हीच तसं सांगतो. पण त्यांचे कोंबडे गावात मोकळे फिरले, गावठी कोंबड्यांवर चढले आणि दोन-तीन पिढ्यांत अंगणात भरीव दिसणारी, पण अंड्यांवर न बसणारी तलंगं, म्हणजे तरण्या कोंबड्या, दिसायला लागली.

दुसरं नुकसान जुनंच आहे आणि ते आपल्याच हातानं होतं. मार्गशीर्षात आदिवासींच्या डोंगऱ्या देवाचा उत्सव आला की कोंबड्याला भाव चढतो. विकला जातो तो सगळ्यात देखणा, सगळ्यात दणकट. मागे राहतो तो किरटा, आणि पुढच्या वर्षीची पिल्लं त्याची. आमचं पहिलं भांडवल याच कोंबड्यांत गेलं. उत्सवाच्या आधी गावोगाव फिरून, बाजारभावापेक्षा थोडे जास्त देऊन रंगाचे आणि अंगाचे नर उचलायचे. कोंबड्या मिळायला अडचण नव्हती. बायका म्हणायच्या, "दादा, कोंबडा ने, पण ही बसणारी मागू नको." कुठली कोंबडी मागायची ते त्यामुळे आपोआप कळायचं.

जात टिकवायची म्हणजे रंग सांभाळायचा, असं पुष्कळांना वाटतं. रंग हे त्यातलं सोपं काम. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की डोळ्यांना दिसतं. खुडूकपण दिसायला कोंबडी वर्षाची व्हावी लागते, आणि कोंबड्यात तर ते दिसतच नाही. त्याच्या आईवरून आणि बहिणींवरून ताडावं लागतं. म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पंखात नंबराचा बिल्ला, आणि वहीत आईचा नंबर, बापाचा गट, आई किती वेळा बसली, किती अंड्यांवर बसली, पिल्लं किती निघाली, दोन महिन्यांनी हाताशी किती राहिली. शेवटचा आकडा आम्ही सगळ्यात वर धरतो. बारा पिल्लं काढून चार वाचवणारीपेक्षा नऊ काढून आठ वाचवणारी आई बरी. वही बायकोच्या ताब्यात असते आणि तिच्या परवानगीशिवाय पैदाशीचा पक्षी विकला जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही अडून बसो.

पैदाशीचे गट वेगवेगळ्या कुंपणांत असतात, आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा. दरवर्षी तलंगं आईच्याच गटात राहतात आणि नर पुढच्या गटात जातात. शेवटच्या गटाचे नर पहिल्यात. यानं बाप-लेक, भाऊ-बहीण अशी जोडी लागत नाही. कळप शंभराचा असला आणि कोंबडे दोनच असले, तर चार वर्षांत सगळी एकमेकांची भावंडं होतात. मग अंड्यात जीव धरत नाही, धरला तर पिल्लू कवचातच मरतं. म्हणून कोंबडे जास्त ठेवावे लागतात आणि ते दाणे खातात, बदल्यात काही देत नाहीत. या धंद्यातला हा खर्च नव्या माणसाच्या लक्षात येत नाही.

आता मशीनचं. मशीन आमच्याकडे आहे. कोंबडीच्या भरवशावर ऑर्डरी पुऱ्या होत नाहीत. पण बाजारातलं मशीन पन्नास-साठ ग्रॅमच्या अंड्यासाठी केलेलं असतं. आमचं तीस ग्रॅमचं अंडं त्या ट्रेच्या खाचेत आडवं पडतं, ट्रे कलला की गडगडतं. खाचांना आतून फोमच्या पट्ट्या चिकटवून अंडं टोकावर, जाड बाजू वर राहील असं उभं केलं तेव्हा गाडी रुळावर आली. बाकी चारचौघांसारखंच: अंडी सात दिवसांच्या आतली, साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट, सातव्या रात्री बॅटरी लावून वांझ अंडी बाजूला काढणं, अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून ओल वाढवणं. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टरनं मान टाकली की मशीनचं दार न उघडणं.

पिल्लू अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश भरतं, म्हणजे आमचं वीस-बावीस ग्रॅमचं. पिल्लांभोवती लावायच्या चिकगार्डच्या जाळीतून ते सरळ बाहेर निघून जातं, म्हणून आम्ही पत्र्याचं रिंगण करतो. पाण्याच्या भांड्यात स्वच्छ धुतलेले खडे टाकतो, नाहीतर पाणी प्यायला वाकलेलं पिल्लू त्यातच बुडतं. तुसावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र, त्यावर मक्याचा बारीक भरडा आणि कणी, पहिलं पाणी गुळाचं. बल्बखाली पहिल्या आठवड्यात 95 फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाचनं कमी. थर्मामीटर आहे, पण खरं पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग केला तर थंडी, रिंगणाला चिकटून चोची वासल्या तर उकाडा, सगळीकडे विखरून चिवचिवत असली तर आपण जेवायला जावं.

यातली निम्मी पिल्लं मात्र बल्बखाली जातच नाहीत. त्यांना आई मिळते. हा आमचा सगळ्यात चाललेला माल, म्हणून नीट सांगतो. खुडूक बसलेल्या कोंबडीला खऱ्या अंड्यांऐवजी प्लास्टरची अंडी देऊन बसवायचं. तिची अंडी मशीनमध्ये, ती अंधाऱ्या कोपऱ्यात. मशीनमधून पिल्लं निघाली की त्याच रात्री, दिवा न लावता, तिच्या पोटाखालून एक प्लास्टरचं अंडं काढायचं आणि एक पिल्लू सरकवायचं. हात पोटाखालून न्यायचा, समोरून नेला तर चोच बसते. पिल्लू ओलं नको, पूर्ण वाळलेलं हवं, पण दोन दिवसांपेक्षा मोठंही नको, कारण मोठं पिल्लू आईची हाक ओळखायला शिकत नाही. अंधारात ती घशातल्या घशात एक गुरगुर काढते, पिल्लू उत्तर देतं, पुन्हा गुरगुर. हे सुरू झालं की काम झालं. सकाळी ती दहा पिल्लं घेऊन बाहेर येते आणि आपल्यावर पिसं फुलवते. एखादी चोच मारून पिल्लं हाकलते. तिचा नंबर वहीत जातो आणि ती पैदाशीतून बाद.

तीन आठवड्यांनी ही कोंबडी दहा पिल्लांसकट एका डालग्यात, म्हणजे कोंबड्यांच्या टोपलीत, गिऱ्हाइकाला जाते. सुट्या पिल्लांपेक्षा महाग पडते, पण घरी गेल्यावर मर कमी आणि बल्बचा खर्च नाही. बचत गटाच्या बायका हेच मागतात. नाशिककडचे फार्महाऊसवाले आधी सुटी पिल्लं नेतात आणि पुढच्या वर्षी डालगं मागायला येतात.

मर म्हणजे मुख्यतः मानमोडी, पुस्तकातलं राणीखेत. लस स्वस्त आहे, मिळते. अडचण वेगळीच: शीशी शंभर-दोनशे पक्ष्यांची, आणि ज्या बाईला लस हवी तिच्याकडे पक्षी सहा. एकदा कालवली की तासा-दीड तासात संपवावी लागते, त्यातही बर्फावर ठेवून. सहा पक्ष्यांसाठी शीशी कोण फोडणार? म्हणून पाचव्या-सातव्या दिवसाचा लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा, थेंब आणि चौदाव्या दिवसाची गंबोरो रोगाची लस आम्ही इथेच देतो. त्यानंतर ज्या गावात आमची डालगी गेली, तिथे आठ-दहा आठवड्यांनी भल्या पहाटे, कोंबड्या सुटायच्या आत, बर्फाचा डबा घेऊन जातो आणि सगळ्या वस्तीला एकदम टोचून येतो. पक्षी आमचा असो वा नसो. शेजारच्या कोंबडीला मानमोडी झाली तर आमची वाचणार थोडीच! या फेऱ्यांत पैसा सुटत नाही, पण पुढची ऑर्डर बहुतेक तिथल्याच ओसरीवर ठरते.

मधल्या काळात कडकनाथची लाट आली. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि जो तो काळी कोंबडी म्हणायला लागला. आम्हालाही एका कंपनीचा माणूस भेटला: पिल्लं आमची घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ, घरबसल्या महिन्याला इतके. जो पिल्लंही विकतो आणि अंडीही तोच घेतो, त्याच्या मालाला बाहेर गिऱ्हाईक आहे का, एवढंच बायकोनं विचारलं. त्याला उत्तर आलं नाही. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर भागात अशाच करारांत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्याचा चटका आम्हालाही बसला. पुढची दोन वर्षं कुठल्याही वेगळ्या कोंबडीचं नाव काढलं की लोक हात जोडायचे. तेव्हापासून आमचा नियम आहे की अंडी परत घेण्याची हमी कोणालाच द्यायची नाही. तुमच्या आठवडे बाजारात गावठी कोंबडी विकत असेल तरच आमच्याकडे या.

2021 च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला. लाखो पक्षी गेले. नियमाप्रमाणे बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरवर पाळत असते. आम्ही वाचलो, पण एक गोष्ट लख्ख कळली: जातिवंत कळप एकाच कुंपणात ठेवला तर एका दुपारी तो संपू शकतो, मग वहीचा काय उपयोग! तेव्हापासून निम्मा कळप बाहेर आहे, एकमेकांपासून लांबच्या गावांत, आमच्याकडे शेळी देतात तसा अर्धलीनं. एका घरी एक कोंबडा आणि चार कोंबड्या आमच्या, दाणापाणी त्यांचं, पिल्लं निम्मी-निम्मी. आमच्या वाट्याच्या पिल्लांना बिल्ले लागतात. अट एकच, त्या अंगणात दुसरा कोंबडा नको.

ही अट पाळली जाते. कोंबडा मात्र मार्गशीर्षात गायब व्हायचा. आम्ही विचारलं की मुंगसानं नेला. मुंगसं बरोबर डोंगऱ्या देवाच्या आठवड्यातच एवढी कशी भुकेजतात, यावर भांडून उपयोग नसतो. घरात तेव्हा पैसा लागतो आणि कोंबडा डोळ्यांसमोर असतो. आता उत्सवाच्या महिनाभर आधी आम्ही प्रत्येक घरी एक जादा कोंबडा देऊन ठेवतो, पैदाशीतून बाद झालेला पण अंगानं भरलेला. बिल्ला नसलेला विका म्हणून सांगतो. गेल्या मार्गशीर्षात सगळ्या घरी बिल्लेवाले कोंबडे जागेवर होते.