दोन कोयना आणि वर एक खडकवासला

बर्फाचा कडा तुटला तेव्हा आमच्या क्लबहाउसमधून एकदम आवाज आला, "वा!"

एकाचा नव्हे, पन्नास-साठ जणांचा. सवाईत तबलजीने तिहाई घेऊन बरोबर समेवर आणून ठेवली की मांडवातून उठतो, तसा. त्यात माझाही आवाज होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं 'लोक कसे असतात बघा' या चालीवर जाईल.

पडद्यावर होती ग्रीनलंडमधली इलुलिसातची हिमनदी, आणि तारीख २८ मे २००८. दोन तरुण समोरच्या डोंगरावर तंबू ठोकून कित्येक दिवस कॅमेरे लावून बसलेले असतात आणि एकदाचा तो कडा हलतो. पाण्यावर दिसणारा भागच शंभर मीटर उंचीचा. तो सरळ कोसळत नाही, झोपेतल्या माणसासारखा कूस बदलतो. खालचा निळा-काळा बर्फ वर येतो, पाण्याचे लोट उठतात, तोवर मागचा कडा सुटलेला असतो. हे सव्वा तास चाललं होतं आणि त्यात ७.४ घन किलोमीटर बर्फ गेला. कॅमेऱ्यात सापडलेली बर्फ तुटण्याची सर्वांत मोठी घटना म्हणून तिची नोंद आहे. गंमत म्हणजे अख्खा माहितीपटही जेमतेम तेवढ्याच लांबीचा.

'चेसिंग आइस' हे त्याचं नाव, साल २०१२. जेम्स बेलॉग हा अमेरिकन छायाचित्रकार ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का अशा ठिकाणी खडकांवर कॅमेरे ठोकून येतो. ते दिवसा ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढत राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी ते फोटो जोडले की हिमनदी मागे सरकताना दिसते. बेलॉग स्वतः आधी या तापमानवाढीच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हता. म्हणूनच मी हा माहितीपट निवडला. आमच्या सोसायटीत विश्वास न ठेवणाऱ्यांचीच बहुसंख्या आहे, मग विषय पर्यावरणाचा असो की लिफ्टच्या देखभालखर्चाचा.

निवडला मी, म्हणजे गर्दी जमवायची जबाबदारीही माझी. सांस्कृतिक समितीत एक अनुभवी काकू आहेत, त्यांनी सल्ला दिला, "शेवटी आइस्क्रीम ठेव. नाहीतर मध्यंतरातच उठतील." मध्यंतर नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तर ठेवच." तेव्हा पर्यावरण दिनाच्या आदल्या शनिवारी, दोन एसी अठरावर लावून, आम्ही पृथ्वी तापते आहे हे पाहायला बसलो. मागच्या टेबलावर थर्माकोलच्या खोक्यात आंबा आइस्क्रीम. बाहेर टँकर. मे संपत आला की आमच्याकडे दिवसाला चार टँकर लागतात, आणि मागे येताना त्यांचा जो टूं टूं आवाज होतो, त्याला आता कुणी मान वळवूनही बघत नाही.

मी पडद्यापेक्षा माणसांकडेच जास्त बघत होते. स्वयंपाक करणारी बाई जशी पहिला घास घेणाऱ्याकडे बघते.

सगळ्यांत आधी पाझर फुटला तो बेलॉगच्या गुडघ्यांना पाहून. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झालेला हा माणूस पुन्हा पुन्हा बर्फावर चढायला निघतो. आमच्या इमारतीत दर दुसऱ्या घरात एक गुडघा झालेला आहे किंवा व्हायचा आहे. "अहो, एवढ्या थंडीत! सांधे धरतील ना त्याचे," असं हळहळून कुणीतरी म्हणालं आणि पुढची पाच मिनिटं तिसऱ्या रांगेत कुठल्या डॉक्टरांनी कोणाचा कसा केला यावर कुजबुज चालली. मला आधी राग आला. नंतर वाटलं, बरोबरच आहे. हिमनदी आपण कधी पाहिलेली नाही. आपला बर्फ म्हणजे गोणपाटात, भुश्यात गुंडाळून सायकलवरून येणारी लादी, रसवंतीतला फोडलेला खडा, काडीवरचा लाल-पिवळा गोळा. गुडघा मात्र प्रत्येकाच्या ओळखीचा.

मग ते तुटणं आलं, आणि ती 'वा'.

दिवे लागल्यावर क्षणभर सगळे गप्प होते. ही शांतता फार अवघड असते. पहिलं बोलणाऱ्यावर काहीतरी चांगलं बोलायची जबाबदारी येते. सेक्रेटरीसाहेबांनी ती पेलली. "आपण प्रत्येकाने एक तरी झाड लावूया." टाळ्या. मराठी माणसाला कुठलाही जागतिक प्रश्न सांगा, तो झाडापाशी आणून सोडतो. गेल्या वर्षी लावलेल्या बारापैकी दोन झाडं पार्किंगच्या पट्ट्यात गेली, हे त्या वेळी काढणं बरं दिसलं नसतं.

दुसरा प्रश्न एका इंजिनिअर गृहस्थांचा. ते प्रश्न विचारत नाहीत, सापळा लावतात. "ग्लासात बर्फ टाकला आणि तो वितळला, तर ग्लास सांडतो का? नाही. मग समुद्र का वाढेल?" दोन-चार माना डोलल्या. उत्तर दिलं ते आमच्या निवृत्त काकांनी. पाटबंधारे खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. "तुमचा बर्फ आधीच ग्लासात आहे हो. हा जमिनीवरचा आहे. भरल्या ग्लासात बाहेरून आणून टाका, मग टेबल पुसायला फडकं घ्या." ग्रीनलंडच्या जमिनीवरचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे सात मीटरने वर येईल, हेही त्यांनी सांगितलं.

पण काकांचं लक्ष त्यात नव्हतंच. माहितीपट चालू असताना ते अंधारात निमंत्रणपत्रिकेच्या मागे आकडे मांडत होते. ७.४ घन किलोमीटर हा आकडा ऐकून त्यांच्यातला अभियंता जागा झाला होता. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून नऊ दशांश धरायचं. त्याचं करायचं टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. "दोनशे पस्तीस निघतात," ते म्हणाले. "कोयना एकशे पाच. म्हणजे दोन कोयना काठोकाठ भरा. वर आपली खडकवासल्याची चारही धरणं, पानशेत, वरसगाव, टेमघर धरून एकोणतीस. जवळपास तेवढं झालं. सव्वा तासात."

पहिल्यांदाच सभागृह खरोखर गार पडलं. ग्रीनलंड कळलं नव्हतं, कोयना कळली. पुण्यात पाणी मोजायचं एकक टीएमसी आहे, भीती मोजायचंही तेच असावं. त्या हिमनदीने आधीच्या शंभर वर्षांत आठ मैल माघार घेतली होती आणि पुढच्या दहाच वर्षांत नऊ मैल, हे वाक्य माहितीपटात स्पष्ट होतं. ते कुणाला टोचल्याचं दिसलं नाही. खजिनदारांनी मात्र लगेच दहा हजार लिटरच्या टँकरने भागून पाहिलं. ६६ कोटी टँकर. ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मला वाटतं, दर टँकरी किती, हाही गुणाकार त्यांनी केला असावा.

याच माहितीपटाची अमेरिकेतली एक प्रतिक्रिया पूर्वी खूप फिरली होती. थिएटरातून बाहेर आलेली एक बाई कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत सांगते, की तापमानवाढीचं नाव काढणाऱ्याला ती आजवर घराबाहेर काढत आली, आणि आता तिला त्या सगळ्यांची माफी मागायची आहे. मला ती बाई आवडते. पण आपल्याकडे असं होणार नाही. आपण कुणाला घराबाहेर काढत नाही, चहा देतो आणि विषय बदलतो. त्यामुळे माफी मागण्याची वेळच येत नाही.

तर, 'वा'.

मी त्या 'वा'चा नंतर बराच विचार केला. ती दुष्टपणाची नव्हती. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल बुडाला की आम्ही मक्याची कणसं घेऊन वरच्या पुलावर उभे राहतोच की. लहान मुलांना खांद्यावर घेऊन दाखवतो. "बघ, केवढं पाणी!" त्याच पाण्यामुळे खालच्या वस्तीतली माणसं त्याच वेळी गाद्या, गॅसच्या टाक्या आणि मुलांची दप्तरं वर चढवत असतात. प्रचंड काहीतरी हललं की तोंडून आधी 'वा' निघते, मग बाकीचं. फक्त ते बाकीचं यायला वेळ द्यावा लागतो, आणि आम्ही तर लगेच आइस्क्रीम वाटायला घेतलं.

त्या सगळ्यात एकीने 'वा' म्हटलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, मुलाकडे राहायला आलेल्या. घोडेगावच्या वरच्या अंगाला त्यांचं माहेर. कडा तुटत होता तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "काय गं, त्याच्या खाली कुणी राहतंय का?"

पुढच्या रांगेतला एक कॉलेजचा मुलगा वळून प्रेमाने म्हणाला, "नाही हो आजी, तिथे नुसता बर्फ असतो."

"अस्सं," म्हणाल्या आणि हात सोडला. आइस्क्रीमही घेतलं नाही. दातांना लागतं म्हणाल्या.

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, की घोडेगावच्या वर म्हणजे डिंभ्याचं खोरं आणि त्यात माळीण. ३० जुलै २०१४. सकाळी डोंगराचा एक तुकडा सुटून गावावर आला आणि दीडशेच्या आसपास माणसं त्याखाली गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या फेरीला आला तर गाव जिथे असायचं तिथे चिखल. त्याने मागे जाऊन सांगितलं. तोही बघणाराच होता म्हणायचा, फक्त तिकीट त्याने काढलेलं नव्हतं.

रात्री मी शोधलं. खाली माणसं राहतात. हिमनदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या तोंडाशी इलुलिसात नावाचं गाव आहे, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. गावाच्या नावाचा अर्थच 'हिमनग'. माणसं मासेमारी करतात, गाड्या ओढणारे कुत्रे पाळतात. २००४ पासून ती खाडी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि टायटॅनिकला धडकलेला हिमनगही बहुधा इथूनच निघाला होता असं मानतात. त्या मुलाला कळवावं असं वाटलं. मग म्हटलं, आपल्यालाही आजच कळलं आहे.

सकाळी गेटपाशी आजी जास्वंदीची फुलं काढत होत्या. सोसायटीची फुलं तोडू नयेत असा फलक आहे. त्यांना वाचता येत नाही आणि आम्हांला सांगवत नाही. मी म्हटलं, "आजी, काल विचारलंत ना? राहतात हो खाली माणसं. साडेचार हजार."

त्यांना नवल वाटलं नाही. "मग त्यांना कुणी सांगितलं का?"

"सांगायचं काय, आजी. त्यांच्या डोळ्यांसमोरच आहे की सगळं."

"समोर असलं म्हणून काय झालं," फांदी खाली ओढत त्या म्हणाल्या. "डोंगर आमच्याबी समोरच व्हता."

परडीतली दोन फुलं त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मागून टूं टूं आवाज आला, आणि टँकरला वाट द्यायला आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो.